‘वक्त’च्या वळणाचा घट्ट कुर्ता आणि चुडीदार: घरी बेतणं, शिवणं, चुका

उरेबपट्टी (चर्चेचा धागा सुरू करणारी)

‘वक्त’ (१९६५) या हिंदी चित्रपटातला अभिनेत्री साधनाचा बिनबाह्यांचा अंगासरशी कुर्ता आणि चुडीदार घरी शिवता येतो. साधं मशीन पुरतं. पण आजच्या कुर्त्याचा कागदी बेत घेऊन तो बाजूच्या शिवणीत आवळला, तर ते रूप येत नाही, कुर्ता फक्त तंग होतो. त्या काळच्या कुर्त्याचा आकार टक्सांमधून (कापड चिमटून शिवलेल्या निमुळत्या घड्यांमधून) येतो, बाजूच्या शिवणी त्यामानाने सरळ असतात. हे एक पक्कं धरलं की पुढचं सोपं जातं.

हे कपडे वेशभूषाकार भानू अथैयांचे. मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेल्या, पुढे १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या. चुडीदार त्यांच्या आधीपासून होताच, कथ्थकमध्ये होता, अचकनखाली होता. इथे नवी आहे ती कुर्त्याची रेष. म्हणून भरतकाम, लेस, गोटा यांच्या मागे लागण्याआधी बेत नीट करा.

माझा बेत छाती ३६, कंबर ३०, सीट (नितंबांचा घेर) ३८ या मापाचा आहे, मापं इंचांत.

सैलपणा छातीला २, कंबरेला २, सीटला २. यापेक्षा कमी ठेवलात तर बसताना शिवण उसवते, कारण मागावर विणलेलं कापड सरळ धाग्यावर ताणलं जात नाही.
पुढचा पाव भाग: छाती ९.५, कंबर ९ (७.५ + अर्धा इंच सैल + १ इंच टक्स), सीट १०.
मागचा पाव भाग: छाती आणि सीट तेवढीच, कंबर ९.२५, कारण मागचा टक्स सव्वा इंचाचा.
सीटची रेष कंबरेखाली ८ इंचांवर. खालचा घेर सीटपेक्षा पाव भागाला अर्धा इंच कमी.
माया (शिवणीपलीकडे सोडलेलं जास्तीचं कापड) बाजूंना १ इंच, खांद्याला अर्धा, खाली दीड.

समोर दोन टक्स लागतात. एक बाजूच्या शिवणीतून, मुंढ्याखाली (काखेभोवतीच्या गोल कापाखाली) अडीच इंचांवरून निघणारा, तोंडाशी सव्वा इंच रुंद. दुसरा उभा, दोन्ही टोकांना निमुळता: छातीच्या बिंदूखाली (सर्वात उठावाच्या जागेखाली) १ इंचावर सुरू होतो आणि कंबरेखाली ५ इंचांवर संपतो. मागे फक्त उभा टक्स, मुंढ्याच्या रेषेखाली १ इंचापासून कंबरेखाली साडेपाच इंचांपर्यंत.

---

काजबटण

बेत चांगला आहे. टक्सांच्या टोकाबद्दल एक भर. साठच्या दशकातल्या आतल्या कपड्यांचा आकार टोकदार असे आणि त्या वेळचे टक्स बिंदूच्या अगदी जवळ नेलेले दिसतात. पडद्यावर दिसतं तसंच उचलून आजच्या गोल आकारावर ठेवलं तर टोकाशी कापड पोकळ राहतं आणि चिमटा काढल्यासारखं टोक उभं राहतं. बाजूचा टक्स बिंदूच्या १ ते सव्वा इंच आधी संपवा. छाती ४० च्या पुढे असेल तर दीड इंच आधी.

टीप मारण्याची पद्धत: बाजूचा टक्स रुंद तोंडाकडून टोकाकडे. शेवटच्या अर्ध्या इंचात सुई घडीच्या काठापासून एक-दोन धाग्यांवर चालली पाहिजे. टोकाला उलटी टीप मारू नका, तिथे गाठ होऊन गोळा येतो. दोरे तीन-चार इंच लांब ठेवून हाताने गाठ मारा. कंबरेचा लांब टक्स एका दमात मारायचा नाही. मधून, म्हणजे कंबरेच्या रेषेपासून, वरच्या टोकाकडे एकदा आणि खालच्या टोकाकडे एकदा. मधे अर्धा इंच टिपा एकमेकींवर येऊ द्या.

मग कंबरेपाशी टक्सच्या घडीला एक कात्र द्या, टिपेपासून एक अष्टमांश इंच सोडून. हा कात्र न दिल्यामुळेच कंबरेला आडव्या सुरकुत्या येतात: टक्सची आतली घडी सरळ रेषेत आखडलेली राहते, बाहेरचं कापड मात्र कंबरेच्या बाकाने जाऊ पाहतं.

---

टोरांटोकर

उभा टक्स मध्यापासून किती अंतरावर? आणि बिनबाह्यांच्या कुर्त्याला मुंढा किती घ्यायचा? बाहीच्या बेताचाच मुंढा ठेवून बाही काढून टाकली तर समोरून मुंढा उघडा पडतो आहे.

---

उरेबपट्टी

दोन बिंदूंमधलं अंतर मोजा आणि निम्मं करा. छाती ३६ ला बहुधा सव्वासात इंच येतं, म्हणजे मध्यापासून साडेतीनच्या किंचित पुढे. खांद्यापासून बिंदू १० इंचांच्या आसपास. ही दोन मापं अंगावरच घ्यायची, सूत्राने काढायची नाहीत.

मुंढा: बाहीच्या कुर्त्याला छातीचा सहावा भाग अधिक १, म्हणजे ७ घेतो. बिनबाह्यांना साडेसहा. मुंढा वर चढवायचा. खांदा ७ असेल तर सव्वासहावर आणा. गळा रुंद आणि उथळ: मध्यापासून पावणेचार रुंद, समोर ३ खोल. खांद्यावर अडीच इंचांची पट्टी उरते. गळ्याची रुंदी याहून वाढवू नका, मग पट्टी घसरते.

---

सव्वाइंच

@टोरांटोकर, मुंढा वर चढवूनही समोर उघडला तर तो जास्तीचा उमाळा (फुगलेलं कापड) बाजूच्या टक्समध्ये न्यायचा असतो. मांजरपाटाच्या (साध्या कोऱ्या सुती कापडाच्या) कच्च्या, चाचणीच्या कुर्त्यावर, अंगावर असतानाच, मुंढ्याच्या मधोमध चिमटीत येतं तेवढं टाचणीने धरा. अर्ध्या इंचापर्यंत येईल. कागदावर मुंढ्यापासून बिंदूपर्यंत तेवढी पाचर मिटवा आणि बाजूच्या टक्सची रेघ बिंदूपर्यंत कापा. बाजूचा टक्स आपोआप उघडून रुंद होतो. उमाळा गेला नाही, जागा बदलली. मुंढ्याला पट्टी लावताना ओढून बसवणं हा उपाय नव्हे. पट्टी ओढली की मुंढा आत वळतो आणि काखेत काचतो.

मांजरपाट आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोऱ्या मांजरपाटात खळ असते, तो अंगावर उभा राहतो आणि कुर्ता प्रत्यक्षापेक्षा जास्त चांगला बसल्याचा भास होतो.

---

मांजरपाट

मागच्या चेनबद्दल कोणी लिहिलेलं नाही. या कुर्त्याची कंबर शिवून ३२ होते, ती खांद्यांवरून आणि छातीवरून खाली उतरणार नाही. त्यामुळे मागे मध्यशिवण आणि २० इंची चेन: गळ्यापासून कंबर १५, त्याखाली ५. अठरा इंची चेन लावलेले कुर्ते घालता-काढताना चेनच्या खालच्या टोकाशी फाटतात.

चेन लाटेसारखी उठते ही तक्रार नेहमीची. कारण हे की शिवण चालवताना कापड ताणलं जातं, चेनची पट्टी ताणली जात नाही. चेन लावण्याआधी दोन्ही बाजूंच्या मायेवर आतून १ इंच रुंदीची पातळ चिकट कॅनव्हासची पट्टी इस्त्रीने बसवा. मग चेन कच्च्या टाक्याने लावून घ्या आणि दोन्ही बाजूंच्या टिपा एकाच दिशेने मारा, खालून वर. एक बाजू वरून खाली आणि दुसरी खालून वर मारली की कंबरेची रेष दोन बाजूंना पाव इंचाने सरकलेली दिसते.

---

काजबटण

चेन बसवायच्या आधी पाठीकडे पाहा. कंबरेच्या वर पाठीत आडवी घडी पडत असेल तर तिची कारणं दोन आणि उपाय अगदी वेगळे. ओळखायचं असं: कच्च्या कुर्त्याच्या दोन्ही बाजू कंबरेखाली उसवा. घडी गेली तर सीट तंग होती आणि कापड वर चढून साठत होतं. सीटला पाव-पाव इंच सोडा, एवढंच. घडी तशीच राहिली तर पाठ कंबरेशी आत वळलेली आहे. तेव्हा कागदावर मागच्या मध्यरेषेवर कंबरेला अर्धा इंचाची आडवी पाचर मिटवा, बाजूच्या शिवणीपर्यंत ती शून्य होऊ द्या. त्यानंतर मध्यरेष थोडी वाकते, ती पट्टीने पुन्हा सरळ करून घ्या. मध्यशिवण असल्यामुळे हे शक्य होतं. घडीवर कापलेल्या पाठीत होत नाही.

---

कात्री

बाजूची १ इंच माया कंबरेपाशी ओढते. मी तिला तीन-चार कात्र देण्याच्या बाजूची आहे.

उरेबपट्टी

कात्र दिलेत की पुढे कुर्ता सैल करायची सोय संपली, आणि आपल्याकडे माया ठेवतात ती त्याचसाठी. त्याऐवजी मायेचा बाहेरचा काठ कंबरेपाशी वाफेच्या इस्त्रीखाली हळूहळू ताणून घ्या. सुती आणि रेशमी कापड ऐकतं.

कात्री

सुतीला मान्य. टेरीकॉट, पॉलिस्टर अजिबात ताणलं जात नाही. तिथे माया अर्ध्या इंचावर आणून दोन कात्र हाच मार्ग.

उरेबपट्टी

हो, तिथे मान्य.

---

दोरारीळ

आता चुडीदार. इथे बहुतेकांचं घोडं अडतं ते उरेबपाशी, म्हणजे धाग्याला ४५ अंशात तिरक्या कापण्यापाशी. चुडीदार उरेब कापडाचाच का, तर पोटरी १३ इंच, त्याखाली मोहरी (पायाचं खालचं तोंड) १०, आणि टाचेवरून पाऊल जायला १२ इंच हवेत. उभ्या धाग्यावर कापलेलं कापड हे करू शकत नाही. उरेब कापड ताणून टाच ओलांडतं आणि पुन्हा घोट्याला धरतं. घोट्याला धरतं म्हणून वरचं जास्तीचं कापड चुड्यांसारखं साठून राहतं.

उरेब पिशवीची पद्धत अशी. ३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) अडीच मीटर कापड, धुतलेलं. दोन्ही काठ कापून टाका. काठाची वीण घट्ट असते, ती उरेब ताणाबरोबर जात नाही आणि शिवण आखडते. कापड पसरा. आखूड बाजू उचलून लांब बाजूवर आणा, कोपऱ्यातून त्रिकोण दुमडला जाईल. या दोन कडा जोडून पाव इंचावर टीप मारा. आखूड बाजू संपली की तिथेच थांबायचं नाही: तिच्या पुढची लांब कड समोरच्या लांब कडेला जोडत, नागमोडी गुंडाळी होत, दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. शेवटची आखूड बाजूही तशीच मिटवा. तयार होते ती लांबट पिशवी, दोन्ही टोकं तिरकी.

पिशवीची सपाट रुंदी म्हणजे पन्हा भागिले १.४१४. छत्तीसला साडेपंचवीस, काठ आणि शिवणी वजा जाता पंचवीसच्या आत-बाहेर. आता हिच्या डाव्या घडीवर एक पाय, उजव्या घडीवर दुसरा, एकाची मोहरी दुसऱ्याच्या मांडीशेजारी, असे उलटसुलट ठेवून कापा. मांडीशी सपाट १३ आणि मोहरीशी ६, मिळून १९, त्यामुळे आरामात बसतात.

पायाची मापं (शिवून झालेला घेर): मांडी २२ असेल तर २५, गुडघा साडेचौदा असेल तर साडेपंधरा ते सोळा, पोटरी १३ असेल तर साडेतेरा, मोहरी १०. गुडघा आणि पोटरी बसलेल्या स्थितीत मोजा. उभं राहून घेतलेल्या मापाचा चुडीदार पहिल्यांदा मांडी घालून बसताना गुडघ्यामागे उसवतो.

लांबी: कंबर ते घोटा ३८ असेल तर चुड्यांसाठी ८ वाढवून ४६. यातले वरचे ७ इंच सरळ धाग्याच्या पट्ट्याचे, उरेब भाग ३९ अधिक माया.

---

सव्वाइंच

मोहरीला आतल्या बाजूने ३ इंच उघडं ठेवून दोन हूक किंवा टिच बटणं लावावीत. दहाची मोहरी रोज बारापर्यंत ताणली तर महिन्याभरात सैल पडते. हूक नको असतील तर मोहरी ११ घ्या.

चुड्यांवरून चूक ओळखता येते. चुड्या पावलावर सांडतात तेव्हा मोहरी सैल. चुड्या गुडघ्यापर्यंत चढत गेल्या तर पोटरीला कापड जास्त. घोट्याच्या वर सहा-सात चुड्या नीट बसून पोटरीच्या मध्यापर्यंत विरत जायला हव्यात.

---

मांजरपाट

उरेब शिवणीला पॉलिस्टरचा दोरा घ्या, सुती दोरा ताणात तुटतो. सरळ टिपेचंच मशीन असेल तर टाका २ मिलिमीटर करा आणि कापड दाबपट्टीच्या पुढे-मागे हलक्या हाताने ताणून चालवा. सोडल्यावर शिवण थोडी लाटेची दिसेल, इस्त्रीने बसते. झिगझॅग असेल तर अगदी अरुंद, अर्धा मिलिमीटर.

कापलेले पाय शिवण्याआधी एक रात्र मोहरी खाली करून टांगून ठेवा. उरेब कापड लांबीला उतरतं आणि रुंदीला आकसतं. उतरल्यावर पुन्हा बेत ठेवून माप तपासा, मगच टीप.

---

टोरांटोकर

इथे कापड १५० सेंटिमीटर पन्ह्याचं मिळतं. मग पिशवीची रुंदी १०६ सेंटिमीटर होते, आणि पायाच्या लांबीला पिशवी पुरत नाही. कापड किती आणायचं?

---

दोरारीळ

एवढ्या पन्ह्याला पिशवी करूच नका. कापड एकेरी पसरून पायाचा उलगडलेला बेत ४५ अंशात थेट त्यावर ठेवा. उरेब पाय साधारण १०५ सेंटिमीटर लांब आणि मांडीशी ६९ रुंद, तो १५० च्या पन्ह्यात तिरका मावतो. दोन पाय उलटसुलट ठेवले तर सव्वादोन मीटरमध्ये होतं. फायदा असा की पायावर तिरकी सांधशिवण दिसत नाही. पण जुन्या चुडीदारावर ती सांधशिवण असतेच. ती लपवायची गोष्ट नाही.

---

कात्री

पिशवीचा एक दोष इथे सांगायला हवा. पिशवी ही गुंडाळी आहे, तिच्यातून कापलेल्या दोन्ही पायांचा पीळ एकाच दिशेचा येतो. मलमल, केंब्रिक यांसारख्या साध्या विणीत उभा आणि आडवा धागा सारख्या ताकदीचा असतो, त्यामुळे काही बिघडत नाही. सॅटिन, ट्विल, किंवा उभा धागा रेशमी आणि आडवा सुती असलेलं कापड घेतलं की एका पायाची शिवण नडगीवर सरकते आणि दुसऱ्याची मागे. ‘शिवण सरळ मारली तरी पाय फिरतो’ त्याचं कारण हेच. अशा कापडाला पिशवी टाळा, दोन पाय आरशातल्यासारखे विरुद्ध तिरक्या दिशांना बेता. पन्हा १५० असेल तर तीन मीटर धरा. उलट-सुलट सारखं दिसणारं कापड असेल तर पिशवीतला एक पाय उलटा करून शिवला तरी चालतं.

---

उरेबपट्टी

हे फार उपयोगी. वरच्या पट्ट्याबद्दल राहिलं होतं. नेफा-नाडीच्या चुण्या घट्ट कुर्त्याखाली पोटावर स्पष्ट उठून दिसतात आणि समोरचा सगळा बेत वाया जातो. म्हणून वरचा ७ इंची पट्टा सरळ धाग्यावर, पातळ केंब्रिकचा, समोर सपाट. डाव्या बाजूला ७ इंची चेन किंवा तीन हूक, मागच्या अर्ध्या भागात फक्त इलॅस्टिक. केंब्रिक वेगळं अर्धा मीटर. पायांच्या सांध्यात ४ इंची चौकोनी कळी (जोडतुकडा) उरेबमध्येच घाला, नाहीतर मांडी घालताना आसन फाटतं.

---

काजबटण

कुर्त्याच्या चिरा. पडद्यावर त्या वर चढलेल्या वाटतात म्हणून कंबरेखाली ६ इंचांवर सोडल्या जातात आणि चालताना फाकतात. सीटच्या रेषेखाली १ इंच, म्हणजे या बेतात कंबरेखाली ९ इंचांवर चीर सुरू करा. खालचा घेर आवळलेला असल्यामुळे चीर लागतेच, पण तिने सीटला हात लावायचा नाही. सुरुवातीच्या टोकाला आतून १ इंचाचा उरेब तुकडा ठेवून त्यावरून टीप न्या. उभं राहिल्यावरही चीर उघडी दिसत असेल तर पुन्हा सीटच पाहा, ती तंग आहे.

टोरांटोकर

अस्तर पूर्ण लावावं की फक्त गळा-मुंढ्याला आतली पट्टी?

काजबटण

रॉ सिल्क, कॉटन सॅटिन: गळा आणि दोन्ही मुंढे मिळून एकच आतली पट्टी, खाली अडीच इंच रुंद. सुट्या तीन पट्ट्या लावल्या तर खांद्यावर त्या एकमेकींवर चढून जाड होतात. चंदेरी किंवा विरळ रेशीम असेल तर सीटच्या खाली ४ इंचांपर्यंत अस्तर, मलमलचं, आणि अस्तराला सीटपाशी पाव-पाव इंच जास्त सैल ठेवा. अस्तर वरच्या कापडाइतकंच नेमकं कापलं तर बसताना आधी ते फाटतं. टक्स वरच्या कापडाचे मध्याकडे आणि अस्तराचे बाजूकडे वळवून इस्त्री करा, म्हणजे एका जागी चार पदर साठत नाहीत.

सव्वाइंच

आणि कुर्त्याची खालची दुमड मशीनवर मारू नका. दीड इंच दुमडून हाताने, वरच्या कापडाचा एकच धागा उचलत. दोरा अजिबात ओढायचा नाही. घेराजवळ मशीनची टीप दिसली की कुर्ता आजचा वाटायला लागतो.

टोरांटोकर

धन्यवाद. आधी मांजरपाटावर कुर्ता, मग चुडीदार की उलट?

उरेबपट्टी

चुडीदार आधी. कुर्त्याची सीट आणि चिरा चुडीदार घालूनच तपासायच्या असतात. पट्ट्याची जाडी धरून माप पाव ते अर्धा इंच बदलतं.